मिनिमम, नीचांक की खंड?

पानसुपारी: शाळेच्या विज्ञान अंकासाठी लेख मराठीत करतेय, 'मॉन्डर मिनिमम'वर अडलंय. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ दिसलेच नाहीत, त्याचं हे नाव. मी 'मॉन्डर नीचांक' लिहिलं. भाच्याने वाचून विचारलं, "मावशी, डाग गेले म्हणजे सूर्य स्वच्छ झाला ना? मग तेव्हा युरोपात एवढी थंडी कशी?"

कोराकागद: नीचांक एका दिवसाचा, निफाडला पारा उतरतो तसा. सत्तर वर्षांचा कसला अंक? 'न्यूनकाळ' करा.

बांधावरून: न्यूनकाळ! पंचांगातलं वर्ज्य वाटतं. आमच्याकडे पावसाने खंड दिला म्हणतात. मॉन्डर खंड.

कोराकागद: मग पोरं पाठ करतील, आशिया, आफ्रिका, मॉन्डर.

ओळंबा: भाच्याला पैकीच्या पैकी. घोळ 'डाग' शब्दाचाच आहे. डाग भोवतालापेक्षा दीडेक हजार अंशांनी थंड, म्हणून काळे दिसतात. पण डाग वाढले की झगझगीत पट्टेही वाढतात, आणि डागांनी झालेली तूट ते भरून वर उरतात. म्हणजे डागाळलेला सूर्य जास्त तळपतो. जास्त म्हणजे किती, तर डाग वाढण्या-घटण्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात साधारण ०.१ टक्का. एवढ्या भांडवलावर 'सूर्याने आणलं हिमयुग' असलं शीर्षक देऊ नका. ती थंडी १६४५ च्या आधीच सुरू झाली होती, ज्वालामुखींचाही हात होता.

पानसुपारी: शीर्षक तेच दिलंय. बदलते. पण मिनिममचं काय?

शुद्धमती: आधी 'डाग' काढा, 'सौरकलंक' लिहा.

ओळंबा: कलंक चंद्राला राहू द्या. वराहमिहिराने बृहत्संहितेत 'तामसकीलक' म्हटलंय, राहूची तेहतीस पोरं! कीलक म्हणजे आपली खीळ. सूर्याला खीळ बसली की डाग.

कोराकागद: तिथे ते केतू आहेत, दिसले की राजावर अरिष्ट. खीळ तुम्ही बसवलीत.

बांधावरून: डागात वाईट काय आहे? आजी पाटल्यांना डागच म्हणायची. बहात्तरच्या दुष्काळात दोन डाग मोडले, तेव्हा घरात ज्वारी आली.

शुद्धमती: तो दागिन्याचा डाग. कपड्यावरचा फारसी, 'दाग'वरून.

ओळंबा: फारसी कशाला? डागणं, दाह, दग्ध, सगळं घरचंच.

पानसुपारी: अहो, अंक शुक्रवारी छापायला जातोय.

बांधावरून: आणि एसटीच्या टपावर चढवायचे ते सामानाचे डाग? कंडक्टर विचारायचा, "किती डाग?" ते दागिन्यातले की डागण्यातले?