उपाशी किती तास, आणि नंतरचं पॅरासिटामॉल

एका पालकांचा प्रश्न आलाय की हर्नियाचं ऑपरेशन सकाळी अकराला आहे, तर तीन वर्षांच्या मुलाला रात्रीपासूनच उपाशी ठेवायचं का. तशी गरज नसते. खाणं आणि वरचं दूध भुलेच्या ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, साधं पाणी मात्र १ ते २ तास आधीपर्यंत चालतं. नेमक्या वेळा भूलतज्ज्ञांकडून आदल्या दिवशी लिहूनच घ्या. भुलेत पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून हा नियम. पण बारा तास कोरडं ठेवलं तर शीर सापडायला त्रास होतो, साखर उतरू शकते. कुणी प्रेमाने बिस्किट दिलंच, तर लपवू नका. ताप, ओला खोकला, हलणारा दात, हेही आधी सांगा.

शुद्धीवर येताना काही मुलं वीस-तीस मिनिटं हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. बघवत नाही, पण ते ओसरतं. सलाईनची सुई तेवढी सांभाळा. कमरेखालचा भाग बधिर करणारं इंजेक्शन दिलं असेल तर पायात जोर येईपर्यंत उभं करू नका.

त्या इंजेक्शनचा असर उतरण्याआधी पॅरासिटामॉल सुरू व्हायला हवं: दर किलोला १५ मिग्रॅ, दर ६ तासांनी. आधीचा डोस कधी दिला ते नर्सला विचारा. १२ किलोच्या मुलाला १८० मिग्रॅ, म्हणजे ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेलं सिरप ७.५ मिली, २५० वालं फक्त ३.६ मिली. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. घरचा चमचा नको, सिरिंजनेच मोजा.