‘निरपेक्ष दुवा’ म्हटल्यावर वाचकाला काय कळते?

गंगापूररोडकर: एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेचे मराठीकरण करताना मी “पानांमधले दुवे सापेक्ष ठेवावेत, निरपेक्ष ठेवू नयेत” असे वाक्य लिहिले. सापेक्ष (रिलेटिव्ह) दुवा म्हणजे चालू पानापासूनची वाट सांगणारी लिंक, निरपेक्ष (ॲब्सोल्यूट) म्हणजे पूर्ण पत्ता देणारी. ते वाचूनही एका विद्यार्थ्याने सगळे दुवे एचटीटीपीएसपासून सुरू होणारे, पूर्ण पत्त्याचे करून पाठवले. कारण विचारले तर म्हणाला, “सर, निरपेक्ष म्हणजे कशावरही अवलंबून नसलेला, मग तोच भरवशाचा ना? ‘ठेवू नयेत’ हा मला मुद्रणदोष वाटला.” आता कोणी प्रकल्पाचा फोर्क (स्वतःची वेगळी प्रत) घेतला किंवा जुन्या आवृत्तीची शाखा (तिच्या फायलींचा वेगळा संच) उघडली, तरी ते दुवे त्याला मूळ प्रकल्पाच्या मुख्य शाखेतच नेऊन सोडतात, आणि वाचक जुन्या आवृत्तीसाठी नव्या सूचना पाळत बसतो. शब्द बदलावा काय?

पंचवटीकर: मुलाची चूक मला चूक वाटत नाही. निरपेक्ष सेवा, निरपेक्ष प्रेम असे म्हणणाऱ्या भाषेत ‘निरपेक्ष’ हा शब्द गुणाचाच वाटणार. येथे प्रश्न गुणाचा नसून उभे राहण्याच्या जागेचा आहे. नाशकात गोदावरीच्या या काठी आमच्या घरी ‘नदीपलीकडे’ म्हणजे रविवार कारंजा. त्या काठी मेनरोडला दिलेल्या माझ्या बहिणीच्या घरी ‘नदीपलीकडे’ म्हणजे आम्ही. ‘../’ ही खूण तेच करते: ज्या पानावर आहात त्याच्या फोल्डरातून एक पायरी वर चला, एवढेच सांगते. म्हणून मी ‘स्थानसापेक्ष दुवा’ असे सुचवतो.

जेलरोडकर: दिवसभर हेच काम करणाऱ्या माझ्या कचेरीत ‘दुवा’ म्हणणारा एकही माणूस नाही. ‘रिलेटिव्ह लिंक’ असे देवनागरीत लिहा आणि मोकळे व्हा. दुवा आम्ही फकिराचा घेतो.

भगूरकर: तो दुवा अरबीतून आलेला, आशीर्वादाचा; साखळीतला दुवा वेगळा, आणि माझ्या मते तो ‘दोन’पासून आला असावा, कारण दोन कड्या जोडतो तो दुवा. सावरकर आमच्या गावचे. त्यांनी ‘मेयर’ला ‘महापौर’ म्हटले तेव्हाही लोक हसलेच असतील, पण आज नाशिकच्या महापौराला मेयर कोण म्हणते?

जेलरोडकर: महापौर रुळला, म्हणून प्रत्येक शब्द रुळतोच असे नाही. आणि ‘दोन’पासूनची व्युत्पत्ती मला ‘नासिका’वरून नाशिक की नऊ शिखरांवरून नाशिक, या वादाइतकीच पक्की वाटते.

सेवानिवृत्त गणितशिक्षिका: गणितात आपण ‘केवल मूल्य’ म्हणतो, आणि व्याकरणात वाक्याशी संबंध न ठेवता सुटे उभे राहणारे ते केवलप्रयोगी अव्यय. त्या अर्थाने ‘केवल दुवा’ चपखल बसतो, आणि त्यात सद्गुणाचा वासही नाही.

पंचवटीकर: बाई, “येथे केवल दुवे वापरू नयेत” हे वाक्य वाचून तो विद्यार्थी दुव्यांशेजारी चित्रेही डकवील.

सातपूरकर: मूळ वाक्यही सर्वत्र खरे नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले पॅकेज पायपीआय या तिच्या पॅकेजांच्या भांडारावर चढवले की तिथे फक्त रीडमी (प्रकल्पाची ओळख देणारी फाईल) दिसते. तिच्या शेजारच्या फायली तिथे नसतात, त्यामुळे सापेक्ष दुवे तुटतात आणि पूर्ण पत्ताच द्यावा लागतो. मी एकदा सगळी चित्रे अशीच गमावली होती. म्हणून दुव्याला गुणाचे नाव न देता सरळ ‘पूर्ण पत्त्याचा दुवा’ म्हणावे.

भगूरकर: म्हणजे दुसरा अपुऱ्या पत्त्याचा? ज्याला वापरायला सांगायचे त्यालाच अपुरा म्हटले, तर वाचक पुन्हा उलटाच धडा घेईल.

गंगापूररोडकर: ‘स्थानसापेक्ष’ आणि ‘पूर्ण पत्त्याचा’ ही जोडी मी तूर्त घेतो, जरी ती कानाला जोडी वाटत नाही. पण नुसत्या तिरक्या रेघेने (/) सुरू होणाऱ्या दुव्याचे काय? गिटहब या प्रकल्पांच्या फायली ठेवण्याच्या संकेतस्थळावर फाईल वाचताना तो प्रकल्पाच्या मुळाशी, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरात जातो. तीच पुस्तिका संकेतस्थळाच्या उपफोल्डरात प्रकाशित केली की तो संकेतस्थळाच्या मुळाशी जातो आणि पान सापडत नाही. त्यातून २००५ सालचे आरएफसी ३९८६ हे वेबपत्त्यांच्या रचनेचे मानक त्याला सापेक्ष संदर्भांत धरते, आणि नाव मात्र निरपेक्ष मार्गाचे देते.

जेलरोडकर: ‘निरपेक्ष मार्गाचा सापेक्ष दुवा’ असे छापणार असाल तर त्या विद्यार्थ्याला आधी फोन करा.

सेवानिवृत्त गणितशिक्षिका: ‘मूळसापेक्ष’ चालेल का? मात्र कोणाचे मूळ, हे दर वेळी लिहावे लागेल.