मदत हवी आहे : जहाजाचा नांगर नाळेच्या भोकात नीट बसत नाही

नमस्कार. गेले आठ महिने मी एका मालवाहू जहाजाची १:७५ प्रमाणातील लाकडी प्रतिकृती तयार करत आहे. डेक, शिडी, कठडे, डोलकाठी हे सर्व मनासारखे जमले, परंतु नांगरापाशी येऊन काम अडले आहे. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना भोके पाडून त्यांत पितळी नळ्या बसवल्या, साखळी ओवली आणि वरून हाताने ओढून पाहिली. उजवीकडचा नांगर वर येतो, दांडा नळीत शिरतो, मात्र दोन्ही फाळ (तळाच्या मातीत रुतणारी नांगराची पाती) खेकड्याच्या नांग्यांसारखे बाहेर राहतात आणि त्यांची टोके जहाजाच्या बाजूच्या पत्र्यापासून चांगली चार मिलिमीटर दूर उभी असतात. डावीकडचा नांगर त्याहून हट्टी आहे. त्याची टोके भोकाच्या खालीच रंगात रुततात, आणि तिथे नखाने ओरबाडल्यासारखे दोन ओरखडे उमटले आहेत. खऱ्या जहाजांच्या छायाचित्रांत मात्र फाळ पत्र्याला सपाट चिकटलेले आणि टोके वर केलेली दिसतात.

खऱ्या जहाजावर हे केवळ साखळी ओढल्याने होते, की कोणी बाहेर लोंबकळून नांगर जागेवर बसवतो? शिवाय आत गेलेली साखळी कोठे आणि कशी राहते, हेही जाणून घ्यायचे आहे. आतला भाग कोणाला दिसणार नाही हे मला ठाऊक आहे, पण चुकीचे करून वर झाकण ठेवणे मनाला पटत नाही.

प्रतिसाद
आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण अनेक वर्षे जहाजाच्या पुढच्या डेकवर उभे राहून मी नेमके हेच पाहत आलो आहे. आपण भोक पत्र्याला काटकोनात पाडले असावे, असा माझा अंदाज आहे. ज्या नळीतून साखळी डेकवर येते तिला हॉजपाइप म्हणतात, आणि ती डेकपासून खाली व बाहेरच्या दिशेने बरीच तिरपी उतरते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या, आडवी दांडी नसलेल्या नांगराचे फाळ दांड्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे ४० ते ४५ अंशच वळू शकतात. म्हणून नळी आणि पत्रा यांतील कोन त्या मर्यादेत असला, तरच दांडा आत गेल्यावर फाळ पत्र्यावर सपाट टेकतात. आपल्या काटकोनी नळीत ते शक्यच नाही.

डाव्या नांगराचे दुखणे वेगळे आहे. लोंबकळताना फाळ जहाजाकडे कलले, तर त्यांची टोके तोंडाखालच्या पत्र्यात अडकणारच. म्हणून हॉजपाइपच्या तोंडाभोवती ओतीव लोखंडाची जाड, गोलसर कड असते. तिच्यामुळे नांगर पत्र्यापासून थोडा दूर लटकतो, आणि टोके तिच्या गोलाईवर घासत येऊन आपोआप बाहेर उलटतात. बाहेर कोणी लोंबकळत नाही. तरीही नांगर कधी आडवा येतो. तेव्हा तो पुन्हा थोडा खाली सोडायचा, फिरू द्यायचा आणि परत उचलायचा, एवढाच उपाय असतो. हे गणित कागदावर नीट उतरत नसल्याने जहाजबांधणीच्या गोद्यांत नाळेचा आणि नांगराचा लाकडी नमुना करून तो उचलून-सोडून पाहण्याची पद्धत होती. थोडक्यात, आपण जे करत आहात तेच.

प्रश्नकर्ता
आपले मनापासून आभार. काटकोनाचा अंदाज अगदी बरोबर आहे. पत्र्यावर ड्रिल सरळ धरणे मला सोपे वाटले होते. साखळीबद्दलही कृपया सांगावे.

प्रतिसाद
साखळी हॉजपाइपमधून वर येते, साखळी धरून ठेवणाऱ्या अडकवणीखालून जाऊन विंडलासच्या, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्राच्या, खाचांच्या चाकावर चढते आणि तेथून डेकमधील दुसऱ्या, जवळजवळ उभ्या नळीतून खालच्या कोठीत पडते. ही कोठी शक्यतो अरुंद आणि खोल ठेवतात, म्हणजे साखळी स्वतःच्या वजनाने ढीग करत बसते. कोठी रुंद असेल तर ढिगाचा सुळका होतो, तो जहाज हलताना कोसळतो आणि पुढच्या वेळी नांगर सोडताना साखळी गुंतते. साखळीचे अगदी शेवटचे टोक कोठीत पक्के बांधलेले असते, पण ते बाहेरून सोडवता येईल अशी सोय ठेवावी लागते, कारण नांगर उचलायला वेळच नसेल तर साखळीसकट सोडून निघावे लागते. साखळी साडेसत्तावीस मीटरच्या तुकड्यांत मोजतात. आपल्या प्रमाणात एक तुकडा सुमारे ३७ सेंटिमीटरचा होईल. कोठीच्या तळाला जाळी आणि तिच्याखाली चिखल-पाणी साचायला जागा असते. गंजत्या साखळीमुळे बंद कोठीतला प्राणवायू कमी होतो, म्हणून हवा तपासल्याशिवाय तिथे कोणी उतरत नाही.

एक गोष्ट प्रतिकृतीत अवश्य दाखवा. प्रवासात नांगराचा भार विंडलासवर ठेवत नाहीत. साखळीवर आडवा लोखंडी दांडा पाडतात, शिवाय ताण देता येणाऱ्या तारा बांधतात, आणि उभ्या नळीचे तोंड झाकतात. जुन्या जहाजांवर ते कॅनव्हास आणि सिमेंटने बंद करत. तसे न केल्यास नाळेवर चढलेले पाणी थेट कोठीत उतरते.

आणखी एक प्रतिसाद
माझा अनुभव लहान शिडाच्या होडीपुरता आहे. तिथे हॉजपाइप नसते. नांगर नाळेच्या टोकावरील रोलरवर बसतो, नाहीतर पुढच्या डेकमधील झाकणाच्या खणात ठेवतात, आणि त्या खणाला पाण्याच्या पातळीच्या वर निचऱ्याची भोके असतात. डॅनफोर्थसारखा चपटा नांगर खणात सहज मावतो. नांगरटीच्या फाळासारखा दिसणारा सीक्यूआर मात्र रोलरवरच शोभतो. शेतातल्या आणि समुद्रातल्या वस्तूला आपण एकच शब्द वापरतो, हे तो पाहिल्यावर पटते. आडव्या दांडीचे जुने नांगर तर नळीत शिरतच नसत; ते नाळेबाहेर काढलेल्या मजबूत तुळईला टांगून मग कडेला आडवे बांधत. टायटॅनिकवरही बाजूचे दोन नांगर नळ्यांत होते, पण मधला सुमारे १५ टनांचा नांगर डेकवरील खाचेत ठेवून क्रेनने हाताळायची व्यवस्था होती.

प्रश्नकर्ता
जुनी भोके बुजवून नळ्या तिरप्या बसवल्या आणि तोंडाभोवती तांब्याच्या जाड तारेची कडी डाग देऊन चिकटवली. काल दहा वेळा ओढून पाहिले. उजवा नांगर दहाही वेळा बसला. डावा आठ वेळा बसला, आणि उरलेल्या दोन वेळा, आपण सांगितल्याप्रमाणे, थोडा खाली सोडून फिरू दिल्यावर बसला. ओरखडे रंगाखाली झाकायचे होते, पण खऱ्या जहाजावरही तिथे रंग खरवडलेला दिसतो, म्हणून ते तसेच ठेवले आहेत.