बीटच्या हंगामासाठी आरव्हीची तयारी: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी आणि मिसेस सध्या अमेरिकेत आरव्हीतच (म्हणजे घरासारखी सोय असलेल्या गाडीत) राहतो. येत्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदाच हंगामी काम धरलंय, नॉर्थ डकोटात ग्रँड फोर्क्सजवळ साखरेच्या बीटच्या काढणीचं. ट्रकमधलं बीट यंत्राने ढिगावर चढतं, तिथे नमुने घ्यायचे आणि सांडलेलं बीट, चिखल फावड्याने ओढायचा. पाळी 12 तासांची, आमची रात्रीची. ऊन वाढलं तर काम थांबतं, कारण तापलेलं बीट ढिगात सडतं. (तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो, बीट मात्र थंडीत महिनोन्‌महिने टिकतं, मला सांगलीकराला याचं फार नवल वाटतं.)

खरी काळजी थंडीची आहे. रात्री पारा शून्याखाली जातो. पाणी गोठू नये म्हणून हीटरवाला पाइप घ्यावा, की टाकी भरून पाइप काढून ठेवला तरी भागतं? आरव्हीच्या 30 अँपिअरच्या वीजजोडणीवर दोन हीटर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडतो, म्हणजे ऊब मिळवायला भिस्त प्रोपेन गॅसवरच. दोन सिलिंडर साधारण किती दिवस जातात? दिवसा झोप लागावी म्हणून खिडक्यांना काय लावता? आणि बूट कोणते घ्यावेत हे नक्की सांगा, मिसेसचे पाय लगेच गारठतात. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.