आर्मर ८२५० झालं. पुढं वाढवू की स्टॅमिना घेऊ?

नाशिकरोड_टँक
दोन ऑनलाइन गेमबद्दल दोन प्रश्न आहेत.

पहिला, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक. लेव्हल ६० वॉरियर, हातात ढाल, हेल्थ ५०००, आर्मर ८२५०. कॅरेक्टरच्या शीटवर ६०% मार कमी दाखवतं. पहिल्या ५५०० आर्मरला ५०% मिळाले होते, आणि आता ११००० पर्यंत नेलं तरी ६६.७% च होतात. गिल्डमधले (माझ्या गटातले) म्हणतात, ६० च्या पुढं आर्मर फुकट जातं, स्टॅमिना (हेल्थ वाढवणारा गुण) घे. खरंय का?

दुसरा, पाथ ऑफ एक्झाइल. तिथं लाइफ ४०००, आर्मर १००००. शीटवर टक्के झकास दिसतात, बारके राक्षस मारून मारून थकतात, पण बॉसच्या एका फटक्यात खेळ खलास. आर्मर बिघडलंय का काय?

सिडकोचा_हिशेबनीस
भाऊ, पहिल्याचं सांगतो. गिल्डवाल्यांची गफलत होतेय, कारण ते टक्क्यांकडं बघताहेत. मार किती कमी झाला हे बघू नकोस, मरायला एकूण किती मार लागतो ते बघ.

क्लासिकचं सूत्र: आर्मर ÷ (आर्मर + ४०० + ८५ × मारणाऱ्याची लेव्हल). लेव्हल ६० चा मारत असेल तर खालचा ४०० + ८५ × ६० हा आकडा ५५०० येतो. आता ५००० हेल्थला फिजिकल मार (हत्यारांचा, जादूचा नव्हे) किती लागतो बघ:

आर्मर ५५०० – ५०% – १०,००० मार
आर्मर ८२५० – ६०% – १२,५०० मार
आर्मर ११,००० – ६६.७% – १५,००० मार
आर्मर १६,५०० – ७५% – २०,००० मार

दर २७५० आर्मरमागे २५०० च वाढताहेत. घट कुठंच नाही, सरळ रेषा आहे. टक्का वर जाताना मंदावतो तो फक्त दिसायला, कारण ६० वरून ६६.७ म्हणजे अंगावर येणारा मार ४० वरून ३३.३ वर आला, म्हणजे सहावा हिस्सा गेला. ७५% ला मात्र खरी भिंत आहे, त्यापुढचं आर्मर वाया.

स्टॅमिनाशी तुलना: १ स्टॅमिना म्हणजे १० हेल्थ. तुझ्या आत्ताच्या आकड्यांवर १ स्टॅमिना २५ फिजिकल मार सोसतो, १ आर्मर ०.९१. म्हणजे १ स्टॅमिना बरोबर साडेसत्तावीस आर्मर. अंगठीवर १५ स्टॅमिना असेल तर समोरच्या तुकड्यावर ४१२ च्या वर आर्मर असेल तरच तो घ्यायचा, तेही फक्त फिजिकल बॉससाठी. स्टॅमिना जादूच्या माराला आणि ब्लीडलाही (रक्तस्रावाच्या मारालाही) पुरतो, आर्मर दोन्हीला शून्य. आणि हा भाव कायमचा नाही. हेल्थ वाढली की आर्मर जास्त मोलाचं होतं, आर्मर वाढलं की हेल्थ, म्हणून दर नव्या गिअरला (अंगावरच्या सामानाला) पुन्हा मांडायचं.

एक खोच: शीटवरचे ६०% तुझ्याच लेव्हलच्या शत्रूसाठी असतात. रेड बॉस (मोठ्या गटाने मारायचा) ६३ चा धरतात, तिथं खालचा आकडा ५७५५ होतो आणि तुझे ५८.९% उरतात. ७५% ची भिंतही १६,५०० वरून १७,२६५ वर सरकते.

गंगापूररोडकर
दुसऱ्याचं मी घेतो. बिघडलेलं काही नाही. एक्झाइलचं सूत्र वेगळ्या जातीचं आहे: आर्मर ÷ (आर्मर + ५ × फटका). हा ५ म्हणजे ऑक्टोबर २०२१ च्या ३.१६ अपडेटपासूनचा, त्याआधी १० होता. जुन्या गाइडमधले आकडे त्यामुळं चुकतात. इथं खालच्या ओळीत लेव्हल नाही, फटकाच बसलाय. जेवढा जोरात मारला, तेवढं आर्मर दुबळं.

तुझे १०,००० आर्मर घेऊन:
१०० चा फटका – हिशोबाने ९५%, पण मर्यादा ९०%
१००० चा फटका – ६६.७%
६००० चा फटका – २५%, म्हणजे ४५०० अंगावर, आणि तुझं लाइफ ४०००

शीटवरचा टक्का तुझ्या लेव्हलच्या साध्या राक्षसाच्या मध्यम फटक्याचा अंदाज असतो. रोजच्या पाण्यात गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीचे पाय भिजले म्हणून धरणातून विसर्ग सुटल्यावरची पातळी कळत नाही, तसंच. लक्षात ठेवायला सोपं: फटक्याच्या अडीचपट आर्मर असेल तर एक तृतीयांश मार अडतो, पाचपट असेल तर निम्मा, पंधरापट असेल तर ७५%. ६००० च्या फटक्याला निम्मा मार अडवायचा तर ३०,००० आर्मर लागेल.

म्हणून मोठ्या फटक्यासाठी आर्मर दामटवण्यापेक्षा दुसरे थर लाव. तुझ्याच आकड्यांवर:

आर्मर दुप्पट, २०,००० – ४०% – ३६०० अंगावर.
आर्मर तेवढंच, तीन एन्ड्युरन्स चार्ज (तात्पुरते बचावाचे थर) – दर चार्जला ४% फिजिकल कपात, ती आर्मरच्या टक्क्यांत सरळ मिळवली जाते – २५ + १२ = ३७% – ३७८० अंगावर. १०,००० आर्मर जमवायचा खर्च बघ आणि तीन चार्जचा बघ.
फिजिकलचा २०% मार फायर म्हणून घेणारा मॉड (सामानावरचा गुण) – १२०० फायर होतात, ७५% रेझिस्टन्सला (आगीचा मार अडवणाऱ्या टक्क्याला) ३०० उरतात. राहिलेला ४८०० चा फटका लहान झाला म्हणून आर्मरही २९.४% अडवतं, ३३८८. एकूण ३६८८.
हे आणि चार्ज एकत्र – साधारण ३११२. आर्मरला हातही न लावता ४५०० वरून इथं.

ब्लीड, पॉयझन आणि एलिमेंटल (आग, थंडी, वीज) माराला आर्मर लागू नाही. रेझिस्टन्स आधी पूर्ण कर. पाचव्या आणि दहाव्या ॲक्टनंतर (गेमच्या कथेचे भाग) ३०-३० कापले जातात, म्हणून ७५% दिसायला एकूण १३५% जमवावे लागतात. आणि ७५ वरून ७६ म्हणजे एकच टक्का समजू नकोस, २५ चे २४ झाले, अंगावरचा मार ४% कमी.

म्हसरूळ_रूनवाला
वर दोघांनी म्हटलं ते त्या-त्या गेमपुरतं. सगळीकडं आर्मर मार कमी करतं असं नाही. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये ते फक्त फटका चुकवायची शक्यता वाढवतं. हल्ल्याचा रोल २०,००० आणि तुझ्या बचावाचा १०,००० असेल तर ७५% वेळा फटका बसायची संधी, बचाव २०,००० केला तर ५०%, ४०,००० केला तर २५%. पण बसला की मॅक्स हिट (एका फटक्याचा जास्तीत जास्त मार) तेवढाच. त्यामुळं मॅक्स हिटच्या खाली हेल्थ गेली की भारी चिलखत असूनही मरतो, आधी खाऊन घ्यायचं. बहुतेक राक्षसांवर बरोबर प्रोटेक्शन प्रेयर (एका प्रकारच्या मारापासून वाचवणारी प्रार्थना) लावली की त्या प्रकारचा मार पूर्ण अडतो, दुसऱ्या खेळाडूविरुद्ध ४०% च.

गेन्शिन इम्पॅक्ट खेळणाऱ्यांसाठी: डिफेन्स ÷ (डिफेन्स + ५ × शत्रूची लेव्हल + ५००). ९० लेव्हलच्या शत्रूला ९५० डिफेन्सवर बरोबर ५०%. तिथं एलिमेंटल फटक्यालाही चालतं, म्हणून "डिफेन्स फक्त फिजिकलला" हे दुसऱ्या गेमचं ज्ञान तिथं लावू नका.

नाशिकरोड_टँक
भारी. सिडको भाऊ, एक राहिलं. आर्मरची अंगठी आणि पट्टा घातले की क्लासिकमधलं माझं डिफेन्स (बचावाचं कौशल्य, आर्मरहून वेगळं) ४४० वरून ४२५ वर येतं. चालेल का?

सिडकोचा_हिशेबनीस
नाही चालणार. ६३ च्या बॉसला तुझ्यावर ५.६% क्रिट (जबर फटक्याची शक्यता) मिळतो, आणि ३०० च्या वरच्या प्रत्येक डिफेन्सला ०.०४% जातो. ४४० ला तो शून्य होतो, ४२५ ला ०.६% उरतो. क्रिट दुप्पट मार देतो आणि नेमका हीलर हलत असतानाच येतो. रेडमध्ये ०.६ साठी जुगार नको, कुठल्या तरी दुसऱ्या जागेवरून ते १५ परत आण.

क्रशिंग ब्लोचं मात्र डिफेन्सने काही होत नाही. ६३ च्या बॉसचा १५% क्रश, दीडपट मार, ४४० झालं तरी तसाच. तो घालवायला मिस (वार चुकणं), डॉज (बाजूला होणं), पॅरी (हत्याराने अडवणं) आणि ब्लॉक (ढालीने अडवणं) मिळून १०२.४% व्हावे लागतात. शील्ड ब्लॉकने ब्लॉक ७५% वाढतो, म्हणून ते बटण बॉसवर सतत चालू राहिलं पाहिजे.

आणि पाठ फिरवू नकोस. मागून आलेल्या वाराला डॉज, पॅरी, ब्लॉक तिन्ही बंद, आर्मर मात्र चालतं. संध्याकाळी पिंग (नेटचा उशीर) वाढला की तुझ्या स्क्रीनवर तोंड बॉसकडं दिसतं आणि सर्व्हरला पाठ. बॉस वळवताना बाजूने घसटत जाऊ नकोस, थेट मागं सरक.

रॅग्नारोस या आगीच्या रेड बॉसला यातलं बरंच बाजूला ठेव. त्याच्या आगीला आर्मर शून्य, तिथं फायर रेझिस्टन्स. ३१५ ला सरासरी ७५% मार अडतो, त्यापुढं वाढ नाही. तो सेट वेगळ्या बॅगेत.