प्रेसवर बोट गेलं, कंत्राटदार म्हणतो ‘घरी लागलं’ असं लिहा. पहिल्या २४ तासांत नेमकं काय करायचं?

प्रेसशॉप_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत शीटमेटलचं युनिट. रोलवर २२ माणसं, शिवाय कंत्राटदाराची ९. काल दुसऱ्या पाळीत ६३ टनी पॉवर प्रेसवर एका कंत्राटी हेल्परची उजव्या हाताची तर्जनी गेली, टोकाकडची दोन पेरं. वय २५, पगार महिना १८,०००. रात्री जवळच्या खासगी हॉस्पिटलात हलवलं, ऑपरेशन झालंय.

कंत्राटदार म्हणतो, “ऑनलाइन रिपोर्ट टाकू नका, इन्स्पेक्शन लागेल. घरी लागलं म्हणून दाखवा, मी हजेरी लावून पगार चालू ठेवतो, वर थोडी रक्कम देऊन कागद करून घेतो.” मुलगा लागून १२ दिवस झालेत. त्याचा आयपी नंबर (ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळातला विमा क्रमांक) काढलाय की नाही, यावर कंत्राटदार सरळ उत्तर देत नाही.

विचारायचं असं: रिपोर्ट कोणी टाकायचा, आम्ही की त्याने? नोंदणी झालेलीच नसेल तर मुलाचं काय? आणि शेवटी त्याच्या हातात काय पडेल? कृपया आकड्यांसकट सांगा.

---

विमा_खिडकी

‘घरी लागलं’ हे दोन शब्द कुठेही लिहू देऊ नका. हॉस्पिटलच्या केसपेपरवर आधीच तसं लिहिलं गेलं असेल तर आजच डॉक्टरांना भेटून अपघात कुठे आणि कसा झाला याची दुरुस्त नोंद करून घ्या. पुढचं सगळं त्या एका ओळीवर उभं राहतं.

कारण सांगतो. घरी लागलं तर तो आजारपणाचा लाभ होतो: सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि त्यासाठी आधीच्या अंशदान काळात (ज्या सहामाहीची वर्गणी मोजतात त्यात) ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. १२ दिवसांच्या माणसाला ती अट पुरी करताच येत नाही, म्हणजे हातात शून्य. कामावर लागलं तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो: सरासरी रोजाच्या ९० टक्के, डॉक्टर फिट म्हणेपर्यंत, आणि वर्गणीच्या दिवसांची अटच नाही. कामावरचा पहिला दिवस असला तरी तो हक्क आहे. अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम करता आलं नाही एवढंच लागतं.

आता क्रमाने.

अपघात वहीत आजच नोंद. तारीख, वेळ, पाळी, विभाग, मशीन, त्या क्षणी तो नेमकं काय करत होता, कोणता अवयव, कोणत्या बाजूचा, आणि दोन साक्षीदारांची नावं, पत्ते, सह्या. जखमीला सही जमत नसेल तर त्याच्या वतीने खबर देणाऱ्याची सही चालते. ‘नेमकं काय करत होता’ या रकान्यात ‘काम करत होता’ असं लिहून मोकळे होऊ नका. ‘डायमध्ये अडकलेला ब्लँक (पत्र्याचा तुकडा) उजव्या हाताने काढत असताना रॅम (प्रेसचा वरून दाबणारा भाग) खाली आला’ असं लिहा.

ईएसआयसीच्या पोर्टलवर अपघात अहवाल २४ तासांच्या आत. कंत्राटदाराचा स्वतःचा कोड (मालक म्हणून ईएसआयसीतला नोंदणी क्रमांक) असेल आणि मुलगा त्या कोडवर असेल तर अहवाल त्याच्या लॉगिनमधून जातो. नसेल तर तुमच्या कोडवरून. पण ‘त्याचं तो बघेल’ म्हणून सोडू नका. कंत्राटी माणसाच्या वर्गणीची जबाबदारी मुख्य मालकाकडे, म्हणजे तुमच्याकडे, येतेच, ती तुम्ही नंतर कंत्राटदाराच्या बिलातून कापून घेऊ शकता. सादर केलेल्या अहवालाची प्रत स्वतःच्या फायलीत ठेवा आणि शाखा कार्यालयाला एक ईमेल टाका.

नोंदणी १० दिवसांत व्हायला हवी होती, ती मुदत गेली. तरीही मुलगा उघड्यावर पडत नाही. विमेदार कोण हे वर्गणी ‘भरली’ का यावर ठरत नाही, वर्गणी ‘देय होती’ का यावर ठरतं. पगार २१,००० च्या आत म्हणजे देय होतीच. महामंडळ त्याला लाभ देतं आणि पैसे मालकाकडून वसूल करतं. आज नोंदणी करताना रुजू तारीख खरी टाका. अपघातानंतरची तारीख टाकली की अहवाल आणि नोंदणी एकमेकांशी जुळत नाहीत, आणि दावा तिथेच अडकतो. मस्टर, गेटपास, पाळीचा चार्ट यांवर खरी तारीख असतेच.

‘हजेरी लावून पगार चालू ठेवतो’ हा प्रकार तर फार घातक. ज्या दिवसाची हजेरी आणि पगार, त्या दिवसाचा लाभ नाही. शिवाय हात प्लॅस्टरमध्ये असलेला माणूस मस्टरवर हजर दिसला की सगळं रेकॉर्डच खोटं ठरतं.

खासगी हॉस्पिटलचं बिल: तातडीत जवळच्या हॉस्पिटलात नेलं हे योग्यच. आज त्याच्या ईएसआय दवाखान्याला कळवा आणि स्थिर झाल्यावर मोहननगर, चिंचवडच्या ईएसआय हॉस्पिटलात दाखवून पुढचे उपचार तिथून किंवा त्यांच्या रेफरलने घ्या. प्रतिपूर्तीसाठी डिस्चार्ज कार्ड, मूळ पावत्या आणि तातडीची गरज होती असं डॉक्टरांचं पत्र लागेल. मंजुरी सरकारी दरपत्रकाने होते, त्यामुळे थोडी तफावत राहते. ती कंपनीने सोसावी असं माझं स्पष्ट मत आहे.

एक बारीक पण नेहमी नडणारी गोष्ट: आधारवरचं नाव, बँक पासबुकावरचं नाव आणि ईएसआयसीतलं नाव अक्षरन्‌अक्षर जुळू द्या.

---

लेबर_कोर्टाची_पायरी

आकडे मी मांडते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू आहे. १९२३ चा भरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय कायदा दोन्ही तिच्यात आले. हिशोबाची चौकट मात्र जुन्या माणसांच्या ओळखीचीच आहे.

ईएसआयसीत असेल तर: सरासरी रोज ६०० धरा. ९० टक्के म्हणजे ५४० रुपये रोज. ४५ दिवस घरी राहिला तर २४,३००. त्यानंतर मेडिकल बोर्ड कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरवतं. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीचे आकडे असे आहेत: पूर्ण बोट १४ टक्के, दोन पेरं ११, एक पेर ९, हाड न जाता नुसतं टोक कापलं गेलं तर ५. इथे ११ टक्के धरले तर ५४० चे ११ टक्के म्हणजे रोज ५९ रुपये ४० पैसे, महिन्याला साधारण १,७८२. हे तहहयात मिळतं आणि तो पुन्हा कामाला लागला, नोकरी बदलली तरी चालू राहतं. कित्येक कामगार फिट सर्टिफिकेट घेऊन कामावर येतात आणि बोर्डाकडे जायचंच राहून जातं. त्याला हे आत्ताच सांगून ठेवा. बोर्डाचा निर्णय कमी वाटला तर तीन महिन्यांत अपील करता येतं.

ईएसआयसीत नसलेल्या माणसाला (पगार २१,००० च्या वर वगैरे) मालकाने स्वतः भरपाई द्यायची असते. सूत्र: मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक (वयानुसार कायद्यात दिलेला आकडा) गुणिले अपंगत्वाची टक्केवारी. वेतन कितीही असो, हिशोबाला १५,००० च्या वर धरत नाहीत. २५ वर्षांचा गुणक २१६.९१.

९,००० (१५,००० चे ६० टक्के) × २१६.९१ = १९,५२,१९०
त्याचे ११ टक्के = २,१४,७४०.९०

शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. तो भरपाईतून वळता करता येत नाही. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

आता मालकाच्या बाजूने बघा. माणूस ईएसआयसीखाली असला की हा दोन लाखांचा दावा त्याला तुमच्यावर करता येत नाही, कायदाच तो दरवाजा बंद करतो. महिन्याला वेतनाच्या ३.२५ टक्के तुम्ही भरता ते यासाठीच. अपघात लपवला तर ते कवच तुम्ही स्वतःच्या हाताने काढून ठेवता.

कंत्राटदाराच्या ‘कागदा’बद्दल. शंभराच्या स्टँपवर ‘मला सर्व मिळाले, तक्रार नाही’ असं लिहून घेतलं तरी त्याने कायद्याने मिळणारा हक्क सुटत नाही. भरपाईची तडजोड सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. नोंदवलेली नसेल तर मालक पूर्ण रकमेला बांधलेलाच राहतो. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे तो कागद दीड वर्षाने तुमच्याच विरोधात पुरावा म्हणून उभा राहू शकतो.

---

प्रेसशॉप_भोसरी

मनापासून आभार. वहीत नोंद केली, अहवाल आमच्या कोडवरून टाकला, रुजू तारीख खरीच दिली. आता आमचाच सुपरवायझर म्हणतो की मुलाने पुढचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं आवरण) स्वतः उघडा ठेवला होता, तेव्हा चूक त्याची. हे अहवालात लिहायचं का?

---

लेबर_कोर्टाची_पायरी

घडलं ते लिहा, दोष लिहू नका. ‘गार्ड उघडा होता’ ही वस्तुस्थिती आहे. ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ हा निवाडा आहे, आणि तो करण्याचं काम तुमचं नाही. ईएसआयसीत नियम मोडून काम करत असताना झालेला अपघातही, ते काम मालकाच्या धंद्यासाठीच चाललं असेल तर, कामावरचाच मानतात. ईएसआयसीबाहेरच्या भरपाईतही नुसता हलगर्जीपणा पुरत नाही. गार्ड सुरक्षेसाठी आहे हे माहीत असताना मुद्दाम काढला, हे मालकाला सिद्ध करावं लागतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तो बचावही चालत नाही.

---

सेफ्टी_टूलरूम

गार्ड उघडा असताना प्रेस चाललीच कशी, हा पहिला प्रश्न. इंटरलॉक (गार्ड उघडा असला की मशीन चालू न देणारी सोय) जागेवर असता तर स्ट्रोक लागलाच नसता, म्हणजे रॅम खाली आलाच नसता. गार्डच्या लिमिट स्विचला (गार्ड बंद आहे हे ओळखणाऱ्या स्विचला) चिकटपट्टी लावलेली असेल, किंवा दोन हातांच्या बटणांपैकी एक खिळ्याने किंवा वायरीने कायमचं दाबून ठेवलेलं असेल. प्रॉडक्शनचा आकडा गाठायला हे सर्रास करतात आणि सुपरवायझरला ते माहीत असतं.

म्हणून मशीन लगेच सुरू करू नका. मेन स्विच बंद, कुलूप, त्यावर टॅग. फोटो असे काढा: डाय आणि अडकलेला पीस, गार्डची स्थिती, स्विच, बटणं, फूट पेडल आणि त्याचं आवरण, कंट्रोल पॅनेलवरचा मोड सिलेक्टर. जुनी मेकॅनिकल प्रेस असेल तर क्लचची चावी आणि तिची स्प्रिंग काढून बघा. चावीची कड झिजली किंवा स्प्रिंग तुटली की ती वेळेवर बाहेर येत नाही आणि पेडल न दाबताही दुसरा स्ट्रोक पडतो. ब्रेकचं लायनिंग तेलकट असलं तरी रॅम वरच्या बिंदूला न थांबता घसरतो. यातलं काही निघालं तर ‘त्याची चूक’ हा मुद्दाच उरत नाही.

माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही सूचना द्यावी लागते. ती ईएसआयसीच्या अहवालापेक्षा वेगळी, एकात दुसरं भागत नाही.

हे ज्यांच्याकडे प्रेस किंवा शिअरिंग मशीन आहे त्या सगळ्यांसाठी, प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर चिकटवून ठेवा. तुटलेलं बोट सापडलं तर चोळून धुऊ नका. सलाइनमध्ये ओलसर केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोटाला थेट बर्फ लागता कामा नये, पेशी गोठून मरतात आणि मग जोडता येत नाही. हाताला गॉज दाबून धरा, हात छातीच्या वर. निघतानाच फोन करून त्या हॉस्पिटलात मायक्रोसर्जरी होते का विचारा, नाहीतर पहिले दोन तास चुकीच्या दारात जातात.

---

फौंड्री_शिरोली

प्रश्न जखमेचा आहे, पण हेच सगळं आजारालाही लागू आहे आणि तिथे जास्त माणसं सुटून जातात, म्हणून लिहितो.

फौंड्रीत फेटलिंग, शेकआउट, शॉट ब्लास्टिंगवर (ओतलेले भाग साच्यातून काढून साफ करण्याच्या कामांवर) वाळूची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेल्या माणसाला सिलिकोसिस (धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार) होतो. त्याचा एक्सरे टीबीसारखा दिसतो, त्यामुळे सहा महिने टीबीच्या गोळ्या चालतात आणि डाग तसेच राहतात. थुंकीत जंतू सापडत नसतील आणि काम धुळीचं असेल तर ‘मी फौंड्रीत अमुक वर्षं अमुक काम करतो’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगून केसपेपरवर लिहून घ्या. व्यवसायजन्य आजार म्हणून नोंद झाली की लाभ कामावरच्या इजेसारखेच मिळतात.

आजाराला अपघातासारखी तारीख नसते. अपंगत्वामुळे सलग गैरहजर राहायला लागलेला पहिला दिवस हाच अपघाताचा दिवस धरतात, दोन वर्षं तिथून मोजायची. आवाजामुळे आलेला बहिरेपणा असेल तर तशा कामावर सलग सहा महिने सेवा दाखवावी लागते.

पुराव्याचं काय? कंत्राटदार बदलत गेले, कार्डं हरवली, हे नेहमीचंच. अशा वेळी ईएसआयसी पोर्टलवरचा वर्गणीचा इतिहास काढा. कोणत्या महिन्यात कोणत्या कोडवर किती दिवस भरले ते तिथे ओळीने दिसतं. मालकांनी रुजू करतानाच छातीचा एक्सरे, फुफ्फुसांची क्षमता चाचणी आणि कानाची ऑडिओमेट्री करून ठेवावी. हे नसेल तर आधीच्या कारखान्यातला आजारही तुमच्या दारात येतो आणि तो तुमचा नाही हे दाखवायला हातात काहीच नसतं.

---

विमा_खिडकी

प्रेसशॉप, एक राहिलं, मुलाला समजावून सांगा. दवाखान्याने दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट तारखेला सलग हवं. मध्ये दोन दिवसांचा खंड पडला की तेवढ्या दिवसांचे पैसे जातात. लाभ चालू असताना परवानगीशिवाय गावाला जाऊन राहायचं नाही, उपचार सोडायचे नाहीत, तपासणीला बोलावलं की जायचं. टाके निघेपर्यंत आई बघेल म्हणून बरेचजण मराठवाड्यात गावी निघून जातात. जायचंच असेल तर आधी कळवून परवानगी घ्या.

आणि शेवटचं, फिट सर्टिफिकेट हातात येईपर्यंत ‘नुसता पॅकिंगला बस’ म्हणून बोलावू नका. एक दिवस काम केलं की त्या दिवसाचा लाभ गेला, आणि त्या हाताला पुन्हा लागलं तर दुसऱ्या अपघाताचा अहवाल कोणत्या तोंडाने टाकणार?