सल्ला हवा: 1974 ची मर्सिडीज, मूळ पिवळी करू की सिल्व्हरच ठेवू?

कर्वेरोडकर
नमस्कार मंडळी. घरी 1974 ची मर्सिडीज 240 डी आहे (मॉडेल डब्ल्यू 115). चालू आहे, कागद साफ आहेत. 1994 मध्ये बाबांनी ती सिल्व्हर मारून घेतली होती. आता बॉनेट आणि टपावरच्या लॅकरचे पापुद्रे सुटतायत. डिकीचं रबर उचललं तर खाली राईसारखा पिवळा निघाला. रेडिएटरजवळच्या पत्र्याच्या पट्टीवर रंगाचा नंबर 606, म्हणजे मेपल यलो. बजेट दीड लाख, वर एक रुपया नाही. पिवळी की सिल्व्हर? पुण्यातला पेंटर सुचवा. काळी-पांढरी सुचवू नये ही विनंती.

डिझेलदादा
काळी करा. मर्सिडीज काळीच शोभते. मी माझी केली, साडेचार लाख गेले, पण लोक वळून बघतात.

नागपुरी_तर्री
पिवळी मर्सिडीज? बाप्पा! लोक हात दाखवून थांबवतीन ना भाऊ, सीताबर्डीले येता का म्हणून.

स्टुटगार्टकर
टॅक्सीवाल्या विनोदावरून आठवलं. इथे जर्मनीत टॅक्सीचा रंग पिवळा नाही, फिकट हस्तिदंती, आरएएल या रंगतक्त्यातला 1015. आधी टॅक्सी काळ्या असायच्या, अंधारात दिसत नाहीत म्हणून 1971 मध्ये हा रंग सक्तीचा झाला. 2005 मध्ये आमच्या राज्याने सगळ्यांच्या आधी सक्ती उठवली, तरी स्टेशनबाहेरची रांग अजून बरीचशी हस्तिदंतीच. तुमचा 606 हा वेगळा मामला. सत्तरच्या दशकात लोक मिमोसा पिवळा, तंबाखूचा तपकिरी, गडद ऑलिव्ह असले रंग हौसेने घेत. ऐंशीत त्यांनाच नाकं मुरडली. आणि आता मेळाव्यात सिल्व्हर गाडीपाशी कोणी थांबत नाही, राईच्या रंगाच्या गाडीला गर्दी. मूळ रंग हाती आलाय तर सोडू नका.

डिझेलदादा
आरएएल आम्हालाही कळतं. आणि सिल्व्हरला नावं ठेवू नका. 1934 पासून जर्मन रेसच्या गाड्या सिल्व्हर, हा मर्सिडीजचा खानदानी रंग आहे.

स्टुटगार्टकर
मग काळी का केलीत?

नागपुरी_तर्री
240 डी म्हणजे 65 हॉर्सपॉवर. रेस कोणाशी, बैलगाडीशी?

पाणीपेपर
मी रंगकाम करतो, म्हणून कामाचं बोलतो. रंग कुठला हा प्रश्न नंतर. आधी जॅक लावायच्या जागा आणि दारांखालचे उंबरे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. ठण्ण वाजलं तर पत्रा, ढप्प वाजलं तर पुट्टी. या मॉडेलला तिथेच सड लागते, आणि 94 मध्ये सर्रास फायबर भरून वर रंग मारायचे.
दुसरं, खाली ड्युको (जुन्या पद्धतीचा, थिनरने विरघळणारा रंग) असेल तर वरून थेट टू-के (हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारू देऊ नका. थिनरने खालचा थर उचलतो, सुरकुत्या पडतात. थिनरचा बोळा फिरवून बघा, रंग विरघळून बोळ्याला आला तर ड्युको. मग पत्र्यापर्यंत उतरवावं लागेल.
तिसरं, तुमचा पिवळा सॉलिड रंग आहे. उद्या कोणी दार घासलं तर तेवढं दार मारता येतं. सिल्व्हरमध्ये बेस वेगळा, वरचा पारदर्शक क्लिअर वेगळा, आणि शेड जुळवताना शेजारचे पॅनेलही मारावे लागतात.
दीड लाखात काचा-रबरं काढून, पत्र्यापर्यंत उतरवून पूर्ण गाडी होणार नाही. जो हो म्हणेल तो रबरांना टेप लावून मारेल. वर्षभरात कडेने सुटेल.

आपला_जोशी
कोणी सांगितलं का माहीत नाही, पण जर्मनीत टॅक्सी हस्तिदंती असते. तेव्हा पिवळी करायला हरकत नाही.

पंचगंगेकाठी
कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, तेव्हा कोण विचारतंय का रिसेलला रंग कुठला चालतो? राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी 1934 ची रोल्स फँटम टू केशरी करून घेतली होती. भावा, दम असला की कुठलाबी रंग चालतोय. पिवळी करा, नाद खुळा!

बे_एरिया_मावशी
जॉन लेननने 1965 मध्ये काळी रोल्स घेतली आणि 1967 मध्ये ती पिवळी करून वर वेलबुट्टी काढून घेतली. इंग्रज खवळले होते. तीच गाडी 1985 च्या लिलावात जवळजवळ 23 लाख डॉलरला गेली. आमच्या ह्यांच्या मित्राकडे 964 मॉडेलची पोर्शे आहे, रुबीस्टोनमध्ये, म्हणजे चक्क राणी रंग. नव्वदीत शोरूममध्ये लोक हसायचे, आता त्याच रंगासाठी जास्त मोजतात. ह्यांनी तेव्हा ग्रे घेतली. विषय काढला की उठून आत जातात.

डिझेलदादा
रंगाने नाही, लेननमुळे पैसे आले.

बे_एरिया_मावशी
आणि राणी रंगाची पोर्शे कोणामुळे?

कलम52
सगळे रंगात रंगलेत, आरसी कोणी पाहिली का? रंगाची नोंद आरसीवर असते, बदलला तर आरटीओत कळवून नोंद करून घ्यावी लागते. शिवाय गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे. 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, वीस हजार फी, दहा वर्षांसाठी. पण मग रोज फिरवता येणार नाही. रॅली, प्रदर्शन एवढंच.

कर्वेरोडकर
आरसी आत्ता काढली. त्यावर चक्क ‘यलो’! म्हणजे सिल्व्हरची नोंद कधी झालीच नाही.

कलम52
म्हणजे तीसेक वर्षं कोणी अडवलं नाही. नशीबवान आहात. प्रश्नच मिटला, पिवळी करा.

पंचगंगेकाठी
आरटीओनं पण सांगितलं. पिवळी!

आपला_जोशी
आरसी बघा एकदा, त्यावर रंग असतो.

पाणीपेपर
उंबरे ठोकले का?

कर्वेरोडकर
ठोकले. डावीकडचा पुढचा ढप्प. थिनरचा बोळाही फिरवला, ड्युकोच आहे.
रविवारी बाबांना धागा वाचून दाखवला. म्हणाले, ‘तुम्हाला आज पिवळा आवडतोय. मी त्या पिवळ्यात वीस वर्षं काढली. लग्नाच्या वरातीत लोक विचारायचे, स्वस्तात मिळाली का? सिल्व्हर मी माझ्या पैशाने मारला, आवडला म्हणून मारला.’
तर सिल्व्हरच राहतोय. दीड लाखात डावा उंबरा नव्या पत्र्याचा, सगळी रबरं, आणि फक्त बॉनेट-टप उतरवून परत. पाणीपेपर म्हणतात तसा शेड थोडा वेगळा दिसेल, दिसू दे. आरटीओत रंगाची नोंदही करून घेतोय. सगळ्यांचे आभार.

स्टुटगार्टकर
606 ची गाडी सिल्व्हरखाली गाडलीत. असो.

डिझेलदादा
मी पहिल्यापासून म्हणत होतो, सिल्व्हर खानदानी.

नागपुरी_तर्री
तुम्ही त काळी म्हणत होते ना दादा.

पाणीपेपर
उंबऱ्याचा जोड ब्रेझिंगने (पितळ वितळवून) नको, वेल्डिंगने करून घ्या, आणि आतून मेण मारायला सांगा. विसरतात.

नवा_सभासद
जुनी रबरं फेकणार असाल तर मला द्या. बोरिवलीहून येऊन नेतो.